सोन्या-चांदीची राखण : प्रस्तावना

सोने किंवा चांदी गुंतवणूक म्हणून विकत घेणाऱ्याने खरेदीच्या वेळी भाव, शुद्धता आणि कर ह्यांचा विचार बहुधा केलेला असतो. परंतु घेतलेला धातू पुढची दहा-वीस वर्षे कोणाच्या ताब्यात राहणार, कोणत्या कराराखाली राहणार, आणि मधल्या काळात राखणदाराचेच दिवाळे निघाले तर तो कोणाचा ठरणार, हे प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच उभे राहतात. प्रस्तुत ग्रंथ ह्या प्रश्नांचा आहे. मौल्यवान धातू मोबदला घेऊन तिजोरीत सांभाळण्याचा व्यवसाय, ज्याला बाजारात ‘व्हॉल्टिंग’ म्हणतात, वरवर पाहता पोलादी दारे, काँक्रीटच्या भिंती आणि पहारेकरी ह्यांचा वाटतो, आणि त्या व्यवसायातील कंपन्या आपली जाहिरातही त्याच चित्रांनी करतात. पण नुकसानीच्या गाजलेल्या प्रकरणांचा माग काढला तर भिंत फोडून नेलेल्या धातूच्या जोडीला खोट्या कागदाच्या, अपुऱ्या नोंदीच्या आणि न वाचलेल्या कराराच्या वाटेने गेलेला धातूही तितक्याच ठळकपणे दिसतो. तिजोरी ही आधी कायद्याची आणि हिशेबाची व्यवस्था असते व बांधकाम त्यानंतर येते, अशी ह्या विवेचनाची भूमिका आहे.

ही भूमिका नवी नाही. मराठा राज्यव्यवस्थेत जडजवाहीर आणि सोनेनाणे ज्या जामदारखान्यात असे तेथे वस्तू सांभाळणारा जामदार, नाणे व धातू पारखणारा पोतदार आणि जमाखर्च लिहिणारा कारकुनी वर्ग ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे सोपवलेली असत. किल्ल्यावरही दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे आणि कोठारातील जिन्नस कारखानिसाकडे, अशी वाटणी होती. ह्यातील बरीचशी पदे आज केवळ आडनावे म्हणून उरली असली, तरी त्यांच्यामागचे तत्त्व न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तळघरात जसेच्या तसे भेटते. मॅनहॅटनच्या खडकात, रस्त्याच्या पातळीखाली सुमारे ८० फुटांवर असलेल्या ह्या तिजोरीत मुख्यतः परदेशी सरकारांचे आणि मध्यवर्ती बँकांचे सोने असते, तिचे प्रवेशद्वार म्हणजे चौकटीत फिरणारे ९० टनांचे पोलादी दंडगोल आहे, आणि तरीही तेथील खरा बंदोबस्त असा की प्रत्येक हालचालीच्या वेळी वेगवेगळ्या विभागांतील तीन माणसे एकत्र हजर लागतात; आतला दिवा बदलायचा असला तरी ह्या नियमाला सूट नाही. सांभाळणारा, पारखणारा आणि लिहिणारा एकच झाला की चोरी पकडणारा कोणी उरत नाही, हे जाणूनच दोन्हीकडची रचना झालेली आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ह्या विषयाचे धागे आणखी मागे जातात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधी नावाच्या ठेवीचा विचार आला आहे: पेटीत किंवा थैलीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू म्हणजे उपनिधी, आणि ती जशी दिली तशीच परत करायची असते. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेत हिच्यापासून निक्षेप वेगळा काढला आहे, कारण तेथे वस्तू दाखवून, मोजून स्वाधीन केलेली असते. हा भेद केवळ पंडिती नाही. आजचा बँकेतला लॉकर उपनिधीच्या जातीचा आहे, कारण आतील ऐवजाची बँकेला माहिती नसते आणि ती विचारण्याचा तिला अधिकारही नसतो. उलट व्यावसायिक तिजोरीत ठेवलेली, क्रमांक, वजन आणि शुद्धता लिहून पावती घेतलेली सोन्याची लगड निक्षेपाच्या जातीची आहे, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ पासून पुढे जो संबंध वर्णन केला आहे, म्हणजे विशिष्ट हेतूने वस्तू ताब्यात देणे आणि हेतू पुरा होताच तीच वस्तू परत घेणे, तो तिला थेट लागू पडतो. ऐवज हरवल्यावर काय हरवले हे सिद्ध करण्याचा भार पहिल्या प्रकारात ठेवणाऱ्यावर पडतो आणि दुसऱ्यात पावतीच बोलते, एवढ्या एका गोष्टीने दोन्ही व्यवस्थांचे मोल बदलते.

राजा, दैव किंवा चोर ह्यांनी उपनिधी नेला तर राखणदाराने तो भरून देण्याचे कारण नाही, असेही स्मृतिकार सांगतो. भारतातील बँकांनी, स्मृती न वाचताही, लॉकरच्या बाबतीत कित्येक दशके जवळजवळ हीच भूमिका घेतली होती: बँक केवळ जागा भाड्याने देते, आतील वस्तूंशी तिचा संबंध नाही. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील एका प्रकरणात ही भूमिका मोडून काढली. तेथे भाडे भरलेले असतानाही बँकेने ग्राहकाला न कळवता लॉकर फोडला होता, आणि सात दागिन्यांपैकी दोनच ग्राहकाच्या हाती परत आले असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने पाच लाख रुपयांची भरपाई देववली आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. त्यानुसार १८ ऑगस्ट २०२१ रोजी आलेले सुधारित निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी ह्यांमुळे ऐवज गेला तर बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभरपट जबाबदारी टाकण्यात आली, तिजोरीच्या खोलीत ये-जा टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्रण किमान १८० दिवस ठेवणे आवश्यक झाले, आणि लॉकर उघडल्याचा संदेश त्याच दिवशी ग्राहकाला पाठवणेही. भूकंप, पूर, वीज ह्या दैवी आपत्ती मात्र, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, आजही जबाबदारीबाहेर आहेत. स्मृतीतील तीन अपवादांपैकी चोर गेला, दैव राहिले; राजाकडे शेवटी वळावे लागेल.

शंभरपट हा आकडा कानाला मोठा वाटतो, आणि म्हणूनच तो कागदावर मांडून पाहणे इष्ट. ज्या लॉकरचे वार्षिक भाडे चार हजार रुपये आहे त्याच्या बाबतीत बँकेची कमाल जबाबदारी चार लाख रुपये होते, आणि दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलेल्या भावाने चार लाखांत पुरते साडेतीन तोळे सोनेही बसत नाही. बँक आतील ऐवजाचा विमा उतरवत नाही, किंबहुना आत काय आहे हे तिला ठाऊकच नसल्याने ती उतरवूही शकत नाही. दागिन्यांसाठी, ज्यांचे मोल बाजारभावापलीकडेही असते, लॉकर ही व्यवस्था आजही सोयीची आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या बिस्किटांसाठी आणि विटांसाठी तिची उपयुक्तता बरीच कमी आहे, हे भाडेपट्टीवर सही करण्यापूर्वी ध्यानात यायला हवे. भाडे नियमित भरलेले असले तरी सात वर्षे लॉकर उघडलाच नाही आणि धारकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर ठरलेली कार्यपद्धती पाळून तो उघडण्याची मुभा बँकेला आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आणि आईवडिलांच्या नावचे लॉकर तसेच ठेवलेल्या मराठी कुटुंबांना ही तरतूद विशेष लागू पडते.

व्यावसायिक तिजोरीकडे वळताना ज्या एका भेदावर सर्व काही अवलंबून आहे तो भेद नियत आणि सामायिक खात्यांचा. बाजारात त्यांना ‘ॲलोकेटेड’ आणि ‘अनॲलोकेटेड’ म्हणतात. नियत खात्यात गुंतवणूकदाराच्या नावे विशिष्ट विटा बाजूला काढलेल्या असतात, प्रत्येकीचा क्रमांक, गाळणाऱ्या कारखान्याचा ठसा, वजन आणि शुद्धता यादीत असते, आणि तिजोरीवाल्याचे दिवाळे निघाले तरी त्या विटा त्याच्या मालमत्तेत धरल्या जात नाहीत. सामायिक खात्यात गुंतवणूकदाराकडे विटा नसतात, अमुक औंस धातूचे येणे असते. म्हणजे तो मालक नसून धनको असतो, आणि दिवाळखोरीत तो इतर धनकोंच्या रांगेत उभा राहतो. बँकेत भरलेला पैसा बँकेचाच होतो आणि ठेवीदाराकडे केवळ कर्जाचा हक्क उरतो, असे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल ह्या खटल्यात १८४८ साली ठरवले. सामायिक खाते हा त्याच तत्त्वाचा धातूवर झालेला प्रयोग आहे. दोन्ही खात्यांची विवरणपत्रे दिसायला सारखी असतात, दोन्हींवर औंस लिहिलेले असतात, आणि सामायिक खात्याला साठवणशुल्क बहुधा नसते किंवा नाममात्र असते. जे राखायचेच नाही त्याची राखणावळ कशाला, एवढी शंका त्या स्वस्ताईवरूनच यायला हवी. सामायिक खाते म्हणजे लबाडी, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. लंडनच्या घाऊक बाजारातील बहुतेक उलाढाल अशाच खात्यांवर होते, कारण दर सौद्याला विटा हलवणे अशक्य आहे, आणि रोजच्या व्यापाऱ्याला ती सोय परवडते. वीस वर्षांसाठी धातू ठेवणाऱ्याची गरज वेगळी असते.

लंडनचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण जगाच्या सराफ्याची मापे तेथे ठरली. ‘गुड डिलिव्हरी’ म्हणजे बिनतक्रार स्वीकारण्याजोगी सोन्याची वीट ३५० ते ४३० ट्रॉय औंसांची असते, ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम, आणि तिची शुद्धता हजारात किमान ९९५ भाग असावी लागते; व्यवहारात ती सुमारे साडेबारा किलोची भरते. चांदीची वीट ह्याच पद्धतीत हजार औंसांच्या आसपास, म्हणजे तीस किलोच्या थोडी वर, आणि शुद्धता ९९९. १९८७ साली स्थापन झालेली लंडन बुलियन मार्केट असोसिएशन ही मापे आणि मान्य गाळणाऱ्यांची यादी सांभाळते, आणि लंडनच्या तिजोऱ्यांत एकूण किती सोने-चांदी आहे ह्याचे आकडेही आता प्रसिद्ध करते. बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात सुमारे चार लाख विटा आहेत. लंडनची भूमी चिकणमातीची असल्याने तेथे विटांच्या चळतीची उंची मर्यादित ठेवावी लागते, कारण इतक्या घन धातूचा भार एका जागी एकवटला तर फरशीच खचेल. न्यू यॉर्कला खडक लाभला, लंडनला चिखल. दोन्ही शहरे सोन्याची कोठारे झाली ती भूगर्भामुळे नव्हे, तर तेथील न्यायालये, विमेदार आणि बाजार ह्यांच्यामुळे.

एकदा वीट ह्या मान्य तिजोऱ्यांच्या साखळीत शिरली की एका तिजोरीतून दुसरीत जाताना तिची पुन्हा परीक्षा होत नाही, कारण ती कधीच अनोळखी हाती गेलेली नसते. तीच वीट मालकाने घरी नेली की साखळी तुटते, आणि परत आणताना पारख, आणि प्रसंगी ती वितळवून पुन्हा गाळणे, ह्यांचा खर्च त्याच्या माथी येतो. हा नियम जाचक वाटला तरी त्याला सबळ कारण आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट असते आणि टंगस्टन ह्या कितीतरी स्वस्त धातूची जवळजवळ तितकीच, त्यामुळे आत टंगस्टन भरून वरून सोन्याचे जाड आवरण दिलेली वीट वजन आणि आकारमान दोन्ही कसोट्यांना उतरते. कसोटीच्या दगडावरील रेघ पृष्ठभागापुरतेच सांगते. सराफी पेढ्यांवर आज सर्रास दिसणारे क्ष-किरणांचे यंत्रही वरचा थरच वाचते. आतला भाग पाहायचा तर श्राव्यातीत ध्वनिलहरी विटेतून सोडाव्या लागतात, कारण त्यांचा वेग टंगस्टनमध्ये निराळा असतो, किंवा विटेला भोक पाडून नमुना काढावा लागतो. पोतदाराचे काम आता यंत्रांकडे गेले असले तरी ते पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

भिंती निकामी ठरल्याची उदाहरणे आहेतच. एप्रिल २०१५ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डन ह्या जवाहिऱ्यांच्या वस्तीत चोरांनी लिफ्टच्या विहिरीतून उतरून सुमारे अर्धा मीटर जाडीची काँक्रीटची भिंत यंत्राने पोखरली आणि खासगी लॉकर लुटले. त्या रात्री धोक्याची घंटा वाजली होती, पण तिची पुरती दखल घेतली गेली नाही. ह्याहून बोधप्रद प्रकरण टोरांटोच्या विमानतळावरचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये झुरिकहून आलेले सुमारे ४०० किलो सोने मालगोदामातून एका माणसाने ट्रकमध्ये घालून नेले, आणि त्यासाठी त्याने दाखवलेला कागद आदल्या दिवशी उचललेल्या मासळीच्या मालाच्या पावतीची नक्कल होता. कुलूप, भिंत, पहारा हे सर्व त्या गोदामात होते. कागद खरा आहे का हे पाहणारा दुसरा डोळा नव्हता. सोने तिजोरीत असताना जितके सुरक्षित असते तितके ते दारातून आत-बाहेर होताना आणि वाहनात असताना नसते, हे विमा कंपन्या जाणतात, आणि म्हणून विम्याचे पत्र वाचताना वाहतुकीचे कलम प्रथम पाहावे. युद्ध आणि अणुअपघात हे अपवाद तर अशा पत्रांत सर्रास असतात.

मुंबईला ह्या विषयाचा धडा २०१३ साली मिळाला. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज ह्या बाजाराचे व्यवहार जुलैच्या अखेरीस बंद पडले तेव्हा गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले, आणि ज्या गोदामांतील साखर, धान आदी मालाच्या आधाराने हे सौदे झाले होते त्यांतील पुष्कळ माल जागेवर नव्हताच. कागदावर गोदाम, पावती, तपासणी हे सर्व होते. परंतु बाजार चालवणारा आणि मालाची ग्वाही देणारा ह्यांच्यात पुरेसे अंतर नव्हते.

चांदीची गोष्ट निराळी आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. सोने आणि चांदी ह्यांच्या भावाचे गुणोत्तर ऐंशीच्या आसपास धरले तर एक किलो सोन्याच्या किमतीत ऐंशी किलो चांदी येते, आणि चांदीची घनता सोन्याच्या निम्म्याहून थोडी अधिक असल्याने तिला जागा सुमारे दीडशेपट लागते. तळहातावर मावणाऱ्या सोन्याच्या बदल्यात दोन माणसांनी उचलाव्यात अशा विटा सांभाळाव्या लागतात, म्हणून चांदीच्या साठवणीचा दर मूल्याच्या प्रमाणात नेहमीच चढा असतो आणि दीर्घकाळात तो परताव्यातून चांगलाच कापला जातो. हवेतील गंधकाच्या संयुगांनी तिच्यावर चढणारा काळपट थर मात्र केवळ दिसण्याचा दोष आहे. विटेच्या मोलात त्याने फरक पडत नाही.

भारतात गुंतवणुकीच्या धातूसाठी व्यावसायिक तिजोरीची परंपरा उशिरा सुरू झाली, ह्याचे कारण लोकांच्या दागिनेप्रेमात शोधले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुरू झालेल्या सुवर्णनियंत्रणाला १९६८ च्या अधिनियमाने कायमचे रूप दिले, आणि त्यानुसार सामान्य नागरिकाला विटा किंवा बिस्किटांच्या रूपात सोने बाळगण्याची बंदी होती. हा कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणजे दोन पिढ्यांना दागिन्याखेरीज कायदेशीर मार्ग नव्हता आणि विटांची तिजोरी चालवण्याला गिऱ्हाईकच नव्हते. २००७ साली पहिला सुवर्ण ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा व सोन्याच्या साठ्यावर आधारलेला म्युच्युअल फंड, आला तेव्हा फंडाच्या व्यवस्थापकाहून वेगळा अभिरक्षक, म्हणजे कस्टोडियन, नेमण्याची पद्धत ह्या क्षेत्रात आली. चांदीच्या ईटीएफला शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी देताना तीस किलोच्या, ९९९ शुद्धतेच्या विटा हे प्रमाण ठरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिजोरी व्यवस्थापकांसाठी स्वतंत्र विनियम निघाले आणि इलेक्ट्रॉनिक सुवर्ण पावती हा प्रकार अस्तित्वात आला: नोंदणीकृत तिजोरीत सोने जमा करायचे, त्याबद्दल डीमॅट खात्यात पावती मिळवायची, ती बाजारात विकायची किंवा परत देऊन सोने न्यायचे, आणि तेही मूळ तिजोरीतूनच असे बंधन नाही. मोबाइलवर दहा-शंभर रुपयांत मिळणारे ‘डिजिटल गोल्ड’ ह्या चौकटीच्या बाहेर आहे. विकणाऱ्या कंपन्या विश्वस्त नेमतात, तिजोरीचे नाव छापतात, आणि त्यांतील काहींची व्यवस्था चांगलीही असेल. परंतु ही उत्पादने आपल्या नियमनाखाली येत नाहीत आणि त्यांना गुंतवणूकदार-संरक्षणाच्या तरतुदी लागू होणार नाहीत, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. नियामकाचे हे वाक्य जाहिरातीतल्या तिजोरीच्या चित्राशेजारी ठेवून वाचावे.

उरला राजा. अमेरिकेत ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी काढलेल्या आदेशाने नागरिकांना थोडे अपवाद वगळता सोन्याची नाणी आणि विटा ठरलेल्या भावाने सरकारच्या हवाली कराव्या लागल्या. भक्कम भिंतीने त्यापासून कोणाचेही रक्षण केले नाही. धातू कोणत्या देशाच्या भूमीवर आहे हा प्रश्न म्हणूनच राखणदाराच्या प्रामाणिकपणाइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि तो केवळ व्यक्तींपुरता नाही. व्हेनेझुएलाचे सुमारे ३१ टन सोने बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात आहे, त्या देशाचे खरे सरकार कोणते ह्यावर ब्रिटिश न्यायालयांत २०२० पासून वाद झाला, आणि विटांच्या क्रमांकांविषयी कोणाचाही आक्षेप नसताना त्या मालकाला मिळेनात. भारताने १९९१ च्या परकीय चलनसंकटात सुमारे ४७ टन सोने कर्जाच्या तारणासाठी देशाबाहेर पाठवले होते. रिझर्व्ह बँकेच्या साठ्यापैकी मार्च २०२३ अखेर सुमारे ७९५ टनांतील ३०१ टन देशात होते. मार्च २०२५ अखेर एकूण साठा सुमारे ८८० टनांवर गेला आणि त्यातील ५१२ टन देशातील तिजोऱ्यांत आले, ज्यांत मुंबई आणि नागपूर ह्यांची नावे घेतली जातात. बाकीचे बहुतेक बँक ऑफ इंग्लंड आणि बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स ह्यांच्याकडे आहे, कारण निकड पडल्यास ते तासाभरात विकता किंवा तारण टाकता येते, आणि ही सोय आज रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील मिंट रोडच्या तळघरातील विटेला नाही.